तोटावारांचं एक जूनशी वैर

"वय १३९? माणूस हाय का वडाचं झाड?"

हे वाक्य लातूरच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीत, संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, तेव्हा खिडकीपाशी नेमके विश्वस्त उभे होते. खिडकीवरच्या मुलीनं ३९ च्या आधी चुकून एक आकडा जास्त दाबला होता. विश्वस्तांनी आमच्या मालकांना नांदेडला फोन केला, आणि मालकांनी तोटावारांना केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडची केबिन प्लायवूडची आहे. आतलं बोलणं बाहेर जास्त स्वच्छ ऐकू येतं.

"तोटावार, हे काय लिहून ठेवलंय?"

"चूक सांगितली, साहेब."

"सभ्य भाषेत सांगता येत नाही का?"

"सभ्य भाषेत सहा महिने होतं की. 'इनव्हॅलिड एज.' कोणी वाचतच नव्हतं. ओके दाबायचे आन् मनाला येईल तो आकडा टाकायचे. आता वाचायलेत. विश्वस्तांनी बी वाचलं."

मालकांनी ते बदलायला सांगितलं. ते वाक्य बदललं, पण तोटावारांच्या पद्धतीनं. माणूस काढून 'आजोबा' टाकलं.

एकनाथ तोटावार आमच्याकडे प्रोग्रामर होते. वजिराबादेत औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. दवाखाने, पतसंस्था, बियाणांची दुकानं यांना लागणारी सॉफ्टवेअर तिथं तयार होतात. मी हिशेब आणि बिलं बघतो. प्रोग्रामिंगमधलं मला जे काही कळतं ते तोटावारांनी चहा पिताना सांगितलेलं, आणि ते चहा फार सावकाश पीत.

त्यांचं खास काम एकच होतं. माहिती साठवायची ती तक्त्यात, हे मलाही माहीत होतं. पण पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशी एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचं गाठोडं, असते की तक्त्याच्या रकान्यांची ओळख ती प्रोग्रामला करून देते. त्या रूपाला मॉडेल म्हणतात आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या मॉडेलचं एक फील्ड. कुठल्याही फील्डमध्ये काही भरायला गेलं की आधी एक छोटं फंक्शन त्याला आडवं येऊन विचारतं, तू कोण, कुठून आलास, या रकान्यात तुझं काय काम. पसंत पडलं तर आत, नाही तर लाल अक्षरं. या फंक्शनला व्हॅलिडेटर म्हणतात. आमच्या ऑफिसात व्हॅलिडेटर म्हणजे तोटावार, आणि तोटावार म्हणजे व्हॅलिडेटर.

हे त्यांच्यात आलं कुठून, हे विचारायची गरज नव्हती, ते न विचारता सांगत. धर्माबादला त्यांच्या वडिलांची मिरचीची आडत होती. वडील दारातच खुर्ची टाकून बसायचे. गाडीवरून पोतं उतरलं की ते आत जाऊ द्यायच्या आधी हात घालून तळातली मूठभर मिरची काढायची, देठ मोडून बघायचा, कानाशी धरून बी वाजतंय का ऐकायचं. बी वाजलं नाही तर मिरची ओली. "एकदा पोतं आत आलं की ते आपलं झालं, कंधारकर," तोटावार मला सांगत. "मग त्यात ओल निघो, खडे निघो, नाहीतर उंदीर निघो. भांडण करायचं ते दारात."

दारातलं हे भांडण त्यांनी आयुष्यभर सगळीकडे नेलं. केळीवाल्याकडे ते घडातलं शेवटचं केळं आधी बघत. रिक्षात बसण्याआधी सीट दाबून बघत. ऑफिसात कुणी नवीन माणूस आला आणि "मी शिंदे" म्हणाला की ते विचारत, "पूर्ण?" शिंदे गोंधळून पूर्ण नाव सांगे. मग, "गाव?" मग, "तालुका?" एवढं झाल्यावर ते "बसा" म्हणत. एका विमा एजंटाला त्यांनी असं इतका वेळ उभं ठेवलं की तो पॉलिसी न विकताच गेला. मालकांनी त्या दिवशी पहिल्यांदा व्हॅलिडेटरचं कौतुक केलं.

मालकांच्या बहिणीच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट मी अजून घरी सांगतो. बहीण स्वतः पत्रिका घेऊन ऑफिसात आल्या, कुंकू लावून प्रत्येकाच्या हातात पत्रिका दिली. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. तोटावारांनी पत्रिका उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि परत त्यांच्या हातात दिली.

"ताई, ही घ्या. तारीख आन् वार जुळंना."

"म्हणजे?"

"तुम्ही बुधवार लिहिलाय. त्या तारखेला गुरुवार येतोय. दोन्ही फील्ड वेगवेगळे बघितले तर बरोबर हायेत. एकत्र बघितले की खोटे."

"अहो, लोकांना कळतंय की."

"काय कळतंय? मी बुधवारी येऊ का गुरुवारी?"

ताईंनी यजमानांना फोन लावला. त्या फोनवर पंधरा मिनिटं होत्या. शेवटी कळलं ते असं, की मंगल कार्यालय तारखेवर ठरलेलं होतं आणि बँडवाला वारावर. तोटावारांनी लग्न वाचवलं, पण ताई आभार मानायच्या मनःस्थितीत नव्हत्या. जाताना भावाला म्हणाल्या, "या माणसाला पुन्हा पत्रिका देऊ नको." दुरुस्त पत्रिका आम्हा सगळ्यांना आल्या. तोटावारांना आली नाही. "चला, एक जेवण हुकलं," ते म्हणाले, आणि त्या गुरुवारी डबा घेऊन आले.

पण मी हिशेबाचा माणूस आहे, एका बाजूचंच लिहून चालणार नाही. तोटावारांच्या कामात एक मोठी खोट होती, आणि ती त्यांच्या स्वभावातलीच होती.

व्हॅलिडेटरचं असं असतं, की आलेली वस्तू तपासायची आणि ठीक असली तर परत द्यायची. परत दिली तरच ती रकान्यात जाते. परत द्यायचं लिहायला विसरलं, तर रकाना रिकामा राहतो, आणि लाल अक्षरंही येत नाहीत, कारण तक्रार कुणाचीच नसते. रुग्णांच्या मोबाईल नंबरसाठी तोटावारांनी असा काही जबरदस्त व्हॅलिडेटर लिहिला, की दहा आकडे, पहिला आकडा कोणता, मध्ये मोकळी जागा, सगळं तपासलं जायचं. महिनाअखेरीला रुग्णांना गेलेल्या आठवणीच्या मेसेजांचा आकडा माझ्याकडे शून्य आला. मी विचारायला गेलो.

त्यांनी पडदा खालीवर केला. मग खुर्ची मागे घेतली.

"तपासलं," ते म्हणाले. "लई कडक तपासलं. द्यायचंच राहिलं."

निकिता सूर्यवंशी ही आमची दुसरी प्रोग्रामर, उदगीरची. ती इतकी हसली की तिला खाली जाऊन पाणी प्यावं लागलं. मला मात्र नवल वाटलं नाही, कारण माझ्या स्कूटरची कागदपत्रं तोपर्यंत चार महिने त्यांच्याकडे होती. विमा संपलाय का ते बघायला म्हणून घेतली होती. शेजाऱ्यांचं गॅसचं पुस्तक, मालकांच्या मुलीची गुणपत्रिका, कुणाचा तरी भाडेकरार, सगळं त्यांच्या कपाटात, तपासून, निर्दोष. एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना तुरीची डाळ निवडायला दिली तर चार दिस ताट त्यांच्याच पुढं असतंय. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला. आन् आम्ही बसायचं मुगाची खात."

तोटावार म्हणाले, "घाई कशाला. मुगात बी खडे असतेत."

आता एक जूनचं.

आमच्या ऑफिसात त्या वेळी नऊ माणसं होती, आणि त्यातल्या पाच जणांचा वाढदिवस एक जूनला यायचा. मालक, मी, वॉचमन, शिपाई आणि तोटावार. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्या भागात नाही वाटत. आमच्या पिढीत आई-बाप मुलाला शाळेत घालायला घेऊन जात, तेव्हा तारीख कुणाकडेच नसे. मास्तर मुलाकडे बघत, सहा वर्षांचं दिसतंय का ठरवत, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहून टाकत. अशी गावंच्या गावं एका दिवशी जन्माला आली. आमच्याकडे एकच केक आणायचे आणि त्यावर नाव न घालता नुसतं 'शुभेच्छा' लिहायचे.

सगळे केक खायचे. तोटावार खायचे नाहीत.

"माझ्या आयुष्यातली पहिली नोंदच खोटी हाय," ते म्हणत. "मिरचीच्या पोत्याला सुद्धा दारात बघितलं जायचं. मला न बघता आत घेतलं. मी उन्हाळ्यात झालो का हिवाळ्यात, कोणालाच ठाव न्हाई. नोकरीला लागलो त्या तारखेवर, रिटायर होणार त्या तारखेवर. मास्तरची तारीख जगायलोय मी."

"मग तुम्हाला पाहिजे कोणती?" मी एकदा विचारलं.

"खरी."

"ती कुणाकडे आहे?"

त्यावर ते म्हणाले, चहा गार झालाय.

मग रुग्णालयाचं किल्लारीचं शिबिर ठरलं. गावात मोतीबिंदूचे रुग्ण तपासायचे, ज्यांना शस्त्रक्रिया लागेल त्यांची शाळेतच नोंदणी करायची, आणि रुग्णालयाच्या बसनं दुपारी त्यांना लातूरला न्यायचं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हैदराबादहून एका दिवसासाठी यायचे. बस बाराच्या सुमारास हलली तरच रक्तदाब आणि साखर त्या दिवशी तपासून होणार होती. जो बसमध्ये नाही, त्याला पुढचं शिबिर दिवाळीनंतर. तेव्हा फेब्रुवारी होता.

या शिबिरासाठी तोटावारांनी मॉडेलमध्ये दोन नवीन व्हॅलिडेटर घातले. एक असा की जन्मतारीख आधार कार्डावरच्या तारखेशी जुळलीच पाहिजे, नाही तर लातूरला ओळख पटवताना घोटाळा होतो. हे बरोबरच होतं. दुसरा त्यांनी स्वतःच्या मनानं घातला. एक जून आणि एक जानेवारी या तारखा घ्यायच्या नाहीत. एक जून मास्तरची, आणि एक जानेवारी आधार कार्ड काढणाऱ्या पोरांची. तारीख माहीत नसली की ती पोरं वर्षाचा पहिला दिवस टाकून मोकळी होतात. चाचणी करताना तोटावारांनी आपल्या नातवाची जन्मतारीख वापरली होती. ती दवाखान्याच्या दाखल्याप्रमाणे होती, मिनिटासकट. दोन्ही व्हॅलिडेटर झकास चालले.

आम्ही तिघं गेलो. तोटावार, निकिता, आणि नोंदणीचे आकडे जुळवायला मी. गावात नेटचा भरवसा नव्हता म्हणून सगळं तोटावारांच्या लॅपटॉपवर चालणार होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. तपासून झालेली म्हातारी माणसं कार्ड हातात धरून रांगेत बसली.

पहिल्या आजोबांचं कार्ड निकितानं स्कॅनरच्या मशीनखाली धरलं. एक जून. लाल अक्षरं आली, ती निकितानं मोठ्यानं वाचली, "ही तारीख तुमची नाही. मास्तरची आहे. खरी सांगा."

आजोबा म्हणाले, "मास्तर तर मेला की."

तोटावार पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद पूर्वी पाहिला नव्हता. "आबा, तुम्ही झालात कधी? काही आठवण सांगायचे का घरात?"

"माय म्हणायची, रझाकार पळून चालले व्हते तवा झाला."

तोटावारांनी लगेच हिशेब करून सप्टेंबर अठ्ठेचाळीस काढला आणि भरला. लाल अक्षरं. "कार्डावर वेगळी तारीख आहे. दोन्हीतली खोटी कोणती?" त्यांनी कार्डावरची तारीख भरली. दुसरा व्हॅलिडेटर आडवा आला. आठवणीतली भरली, पहिला आडवा आला.

"सर," निकिता म्हणाली, "तुमचे दोन नियम आपसात भांडायलेत."

"थांब. बघायलो."

साडेअकरा वाजले तेव्हा माझा आकडा असा होता की बसमध्ये जागा बावन्न आणि नोंदणी चार. ते चौघं बिचारे दुसऱ्या कुठल्यातरी तारखेला जन्मले होते. रांग फाटकाबाहेर गेली होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवून बघितला. मालकांचा फोन आला, "तोटावार, तो नियम काढा."

"काढायचं कसं साहेब? एकदा खोटी तारीख आत गेली की..."

मालकांनी फोन ठेवला.

निकिता हळूच म्हणाली, "सर, मॉडेलमधून जायचंच कशाला? मी थेट तक्त्यात टाकते. एका क्वेरीत सगळे जातेत. व्हॅलिडेटर तिथं उठतच न्हाईत."

हे खरं होतं, हे नंतर तोटावारांनीच मला समजावलं. त्यांचे पहारेकरी मॉडेलच्या दारात उभे असतात. कुणी डेटाबेसच्या मागच्या बाजूनं माल टाकला तर त्यांना पत्ताही लागत नाही.

"मागच्या दारानं?" तोटावार म्हणाले. "मी जिता असताना न्हाई."

"मग बस रिकामी जाईल, सर. ही माणसं दिवाळीपर्यंत अशीच बसतील."

"कामून थांबलंय रे?" रांगेत आता पुढे असलेल्या म्हातारीनं विचारलं. एक डोळा पूर्वीच काचबिंदूनं गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. टेबलाची कड ती हातानं चाचपत होती.

"नाव सांगा, मावशी," तोटावार म्हणाले.

"गयाबाई."

"पूर्ण?"

"गयाबाई म्हणलं की गावाला कळतंय."

"मशीनला कळंना."

"मग मशीनला गावात ऱ्हायला लावा चार दिस."

कार्डावरून निकितानं पूर्ण नाव भरलं. तारीख एक जानेवारी. लाल अक्षरं.

"मावशी, ही तारीख खोटी हाय," तोटावार म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. "कार्ड काढणाऱ्या पोरानं टाकलेली. तुम्ही झालात कधी?"

"हरभरा सोंगायला आला व्हता, म्हणायची माय."

"साल?"

"साल कोण बघतंय. पोरगी झाली म्हणून बाप दोन दिस घराकडं फिरकला न्हाई, एवढंच सांगायची." गयाबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "त्या पोरानं बी इचारलं व्हतं. म्हणलं, न्हाई बाबा ठाव. तर म्हणला, आज्जी, घाला एक जानेवारी. आता माझ्या वाढदिसाला सगळ्या दुनियेत फटाके फुटतेत. नातू मोबाईलात लावून ऐकवतो. बापानं दिली न्हाई, मास्तरनं दिली न्हाई, त्या पोरानं दिली. तू कोण रे नको म्हणणारा?"

तोटावारांनी निकिताच्या हातातलं कार्ड घेऊन उलटसुलट बघितलं.

"आन् बस गेली तर मला काय घरी ठेवून दाखवणार हाईस? एकच डोळा ऱ्हायलाय. सून चहात दूध घालती का नुसतं पाणी, ते बघून मरायचंय मला."

रांगेत हसू फुटलं. सून मागेच उभी होती, ती सगळ्यात मोठ्यानं हसली.

तोटावारांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "निकिता, मागचं दार न्हाई," ते म्हणाले. "पुढच्याच दारानं जातील. थांब." त्यांनी एक जून आणि एक जानेवारीचा व्हॅलिडेटर उघडला. मला वाटलं, तात्पुरता बंद करतील. त्यांनी तो सगळा निवडला आणि पुसून टाकला. कार्डाशी जुळवायचा नियम तसाच ठेवला. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. त्यानंतर त्यांनी कार्ड धरायचं काम स्वतःकडे घेतलं, आणि अर्ध्या तासात जेवढी माणसं बसायची तेवढी बसली. कुणाला तालुका विचारला नाही.

बस सव्वाबाराला हलली. बावन्न जागा, बावन्न नोंदी. माझ्या बाजूनं हिशेब बरोबर होता. परतीच्या वाटेवर लोह्याला चहाला थांबलो तेव्हा निकिता म्हणाली, "सर, आता एक जूनला केक खाणार का?"

"तपासून," तोटावार म्हणाले.

केकचा प्रश्नच आला नाही. हैदराबादला त्यांची मुलगी असते. तिच्या मुलाला सांभाळायला वहिनींना बोलावणं आलं, आणि मास्तरच्या तारखेप्रमाणे निवृत्तीला वर्ष बाकी असताना तोटावारांनी राजीनामा दिला. जायच्या आधी त्यांनी सगळ्यांची कागदपत्रं परत केली. माझ्या स्कूटरचा विमा त्यांच्या कपाटात असतानाच संपला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरच्या त्या रुग्णालयात. शिबिराच्या रुग्णांची महिन्यानंतरची तपासणी होती आणि मला आकडे घ्यायला जायचंच होतं. तोटावार म्हणाले, येतो, सॉफ्टवेअर नीट चालतंय का बघायचंय. सॉफ्टवेअर त्यांनी बघितलं नाही. तपासणीच्या खोलीबाहेर बाकांवर काळे चष्मे लावून म्हातारी माणसं बसली होती. ते दारातच रेंगाळले.

"नावं घेतली का सगळ्यांची?" त्यांनी खिडकीवरच्या मुलीला विचारलं.

बाकावरच्या गयाबाईंनी मान वळवली. "ह्यो तारीख इचारणारा का?"

"हाव, मावशी."

"हिकडं ये. जवळ."

ते जाऊन समोर उभे राहिले. गयाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्यांना खालून वर बघितलं. चपला, पँट, पट्टा. पट्ट्याच्या वर आल्यावर थांबल्या.

"आवाजावरनं दांडगा वाटला व्हता," त्या म्हणाल्या. "गुंड्या चुकल्यात तुझ्या. एक घर सोडून लावल्यात."

तोटावारांनी खाली बघितलं. शर्टाची एक बाजू खरंच वर गेलेली होती. ते बाजूला व्हायला लागले.

"हितंच लाव. बघू दे."

तोटावारांनी बॅग माझ्या हातात दिली, तिथंच उभं राहून सगळ्या गुंड्या सोडल्या आणि वरून एकेक लावत आले. गयाबाई काळ्या चष्म्यातून शेवटच्या गुंडीपर्यंत बघत होत्या.